सासूबाईंच्या पाठीवरचं नारिंगी स्टिकर

चर्र... चर्र... चर्र.

रविवारची दुपार होती, घर डाराडूर झोपलेलं होतं, आणि त्या शांततेला कुठेतरी बारीक नख लागत होतं. सून पलंगावर टेकली होती. हातात चहाचा कप होता आणि विशेष म्हणजे चहा गरम होता. मूल झाल्यापासून हा योग विरळाच. तिने कान टवकारले. आवाज ठमीच्या कोपऱ्यातून येत होता. चार वर्षांचं पोर गप्प बसून काहीतरी करतंय म्हणजे दूध उतू जायच्या बेतात आहे, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण उठतंय कोण! तिने आणखी एक घोट घेतला. पुढचं सगळं महाभारत त्या एका घोटापायी घडलं.

सून कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. भट्टीतून आलेला कप उचलायचा, फिरवून बघायचा, टिचकी मारायची. बरा असला तर पुढे सरकवायचा, नसला तर त्याला स्टिकर. मालकांना इंग्रजीची भारी हौस. 'खराब' या एका शब्दावर त्यांचं पोट भरत नसे. जोडीत न बसणारा कप 'ऑड', वाकड्या कडेचा 'इर्रेग्युलर', कान भलतीकडेच फुटलेला 'अ‍ॅबनॉर्मल', तडा गेलेला 'डिफेक्टिव्ह'. प्रत्येकाचा रंग निराळा.

मराठी शाळेतून आलेल्या सुनेला हे शब्द अंगावर घालून मिरवावेसे वाटत. उरलेली स्टिकरं ती घरी आणी आणि जेवताना ठमीला शिकवी. बाकीची पोरं सी-ए-टी कॅट घोकत होती, तेव्हा ठमी वाकडी काकडी बघून "इर्रेग्युलर!" म्हणे आणि आईचा ऊर भरून येई.

"पण म्हणजे काय गं?" ठमीने एकदा विचारलं होतं.

"म्हणजे सगळ्यांसारखं नसलेलं."

तडे आणि वाकडेपणा यांची फोड करत कोण बसणार? भाजी करपत होती.

सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता आणि दुसऱ्या दिवसापासून त्या ठमीला सांभाळणार होत्या. हे कबूल करायला त्यांनी वर्ष लावलं होतं. "कपांना टिचक्या मारायचा पगार देतात होय?" एवढंच त्यांचं सुनेच्या नोकरीबद्दलचं मत. तरी शेवटी हो म्हणाल्या होत्या. त्यांनी मान फिरवली असती, तर सुनेची नोकरी सुटलीच म्हणून समजा.

सासूबाई कोट घालून आधीच पुढे गेल्या होत्या. संध्याकाळी शाळेच्या सभागृहात शिरताना तिला नवऱ्याच्या कोपरावर हिरवं 'ऑड' दिसलं. तिने हसत उपटायला घेतलं.

"आई गं! केस निघाले की!"

"अरे, भट्टीच्या कपांचा गोंद आहे. गरम पाण्याशिवाय सुटत नाही."

मग पर्सवर 'इर्रेग्युलर' सापडलं. छत्रीवर 'अ‍ॅबनॉर्मल'. आणि तिला दुपारचं ते चर्र... चर्र आठवलं. नारिंगी कुठे गेलं?

सासूबाई व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होत्या. करडा कोट, ताठ मान, आणि दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, शेवटच्या रांगेतूनही वाचता यावं असं, 'डिफेक्टिव्ह'.

तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"जा ना! तुझी आई आहे," सून नवऱ्याला म्हणाली.

"स्टिकर तुझं आहे," नवरा म्हणाला. मग गेला एकदाचा. आईच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं करत त्याने खरवडून पाहिलं. स्टिकर ढिम्म. लोकांना वाटलं मुलगा गहिवरला. टाळ्या पडल्या. तो लाजून खाली आला.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा मागच्या फळ्याकडे वळून उभ्या राहा, शिकवताना असता तशा."

सून कशी धावली तिचं तिला कळलं नाही. पाठमोऱ्या सासूबाईंना तिने मागून घट्ट मिठी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूच्या अंगाला तिचा हात लागला असेल तो औषध चोळण्यापुरता.

"अगं, काय हे?" सासूबाई कुजबुजल्या.

"अहोआई, राहवलं नाही हो."

राहवण्यासारखं नव्हतंच. भाषण सुरू झालं तरी ती पाठीला चिकटूनच. खालून उसासे ऐकू आले. "सून असावी तर अशी!" सासूबाईंनी लिहून आणलेलं भाषण मिटून ठेवलं.

"मी या मुलीला कधी शाबासकी दिली नाही. शाळेत साऱ्यांना दिली, घरी विसरले. आज ती हक्काने जवळ आली. मला वाटायचं, ही मला फक्त घाबरते."

सुनेला वाटलं, धरणी दुभंगावी. पण मिठी सोडता येईना. सोडली तर स्टिकर दिसणार आणि धरली तर खोटेपणा वाढणार. बाई बोलत होत्या तो शब्द न् शब्द तिच्या कानाला चटके देत होता.

मग सासूबाईंनी नातीला वर बोलावलं. ठमीने माईक ओढून घेतला.

"आई, तू आजीचं स्टिकर का झाकलंस? मी सगळ्यात छान रंगाचं लावलंय!"

सासूबाईंनी मिठीतून हळूच अंग सोडवून घेतलं, कोट उतरवला, वाचला. सुनेकडे पाहिलं नाही.

"का लावलंस गं हे?"

"तू सगळ्यांसारखी नाहीस ना, म्हणून!"

लोक पोट धरून हसले. सासूबाईही हसल्या, पण ते मुख्याध्यापिकेचं हसू होतं, पालकसभेतलं. कोट परत अंगात घालून त्यांनी समारंभ पार पाडला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात सून गरम पाण्याचा फडका घेऊन कोटावर वाकली. नारिंगी कागद कडेने सुटत होता. मान वर करायची तिची छाती होत नव्हती. पलीकडे सासूबाई ताटं मांडत होत्या.

"इंग्रजीत चांगलेही शब्द असतात," त्या शेवटी म्हणाल्या. "पोरीला नेमके नाकं मुरडायचेच शिकवलेस?"

"चुकलं, अहोआई."

"उद्या कामाला वेळेवर नीघ. ही माझ्यापाशी राहील. कबूल केलंय मी, त्यात बदल नाही." आणि मग, ताटांकडेच बघत, "बाकीचं जाऊ दे."

स्टिकर सुटून आलं. ठमी स्टुलावर चढून कोटाची पाठ न्याहाळत होती.

"निघालं! आई, तू आजीला झाकायला मिठी मारलीस ना?"

सुनेने फडका पिळला. नको इतका पिळला.

"मग आता झाकायला काहीच नाही," ठमी म्हणाली. "आता आजीला मिठी कधी मारशील?"

ताटांचा आवाज थांबला. सासूबाई हातात वाटी धरून उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच सरळ सुनेकडे बघत होत्या.