उणिवा : निरंक

सोमवारी सकाळी तानाजी सरांनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव पुकारलं. सातवीची धनश्री पहिल्या बाकावर, अगदी त्यांच्या नाकासमोर बसली होती. तिनं सरांकडं पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. सरांनी पुन्हा पुकारलं, तर ती वहीकडं बघायला लागली. पुढच्या नावाला तीच तऱ्हा, त्याच्या पुढच्यालाही तीच. वर्गात एकतीस पोरं बसलेली आणि हजेरीपटावर एकही हजर नाही. सरांनी विचारलं, दातखिळी बसली का रे सगळ्यांना? 

आता यात सरांचा दोष एवढाच, की माणूस कामाला वाघ होता. शुक्रवारी वरून आदेश आला होता, की मुलांना एखादा बोधप्रद चित्रपट दाखवून अहवाल पाठवा. काम एक वेळ थांबेल, अहवाल थांबत नाही, हे प्रत्येक गुरुजीला ठाऊक असतं. सरांनी शुक्रवारी दुपारीच अहवाल लिहून धाडला. बलस्थाने : चित्रपट मनोरंजक, संस्कारक्षम व पर्यावरणपूरक. उणिवा : निरंक. मुलांमध्ये दिसून आलेले बदल : मुले मोठ्यांच्या पहिल्या हाकेला तत्परतेने ओ देऊ लागली. चित्रपट शनिवारी लागायचा होता. बदल शुक्रवारीच दिसून आले होते.

चित्रपट दिला होता वडवणीच्या गुफराननं. त्याचं मोबाईलचं दुकान. पोरांसाठी चांगलं कार्टून भरून दे म्हटल्यावर त्यानं पेन ड्राइव्हमध्ये एक जपानी चित्रपट भरला, हिंदीत बोलणारा. वर बजावलंही होतं, की सर, जरा डेंजर हाय, आधी तुमी बघून घ्या. कार्टूनात कसलं आलंय डेंजर, असं म्हणून सर निघाले. शनिवारी त्यांनी पोरांना लोकवर्गणीच्या टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसले. दीड तास पोरांचा आवाज म्हणून आला नाही. सरांना वाटलं, काय शिस्त लावलीय आपण.

त्या शिस्तीचा उलगडा सोमवारी दुपारी खिचडी शिजवणाऱ्या साखराबाईंनी केला. धनश्री त्यांची नात. पळी हातात घेऊनच त्या ऑफिसात आल्या.

"सर, तुमी पोरायला काय दाखवलं ते? धरणात बुडालेलं गाव म्हनं, अन् दिवस मावळला की मेलेली मानसं वर येत्यात. एक बिनडोळ्याची बाई होडी घिऊन येती, नाव घिऊन हाक मारती. ओ दिली की बसलाच तिच्या होडीत. माझी नात दोन दिस झाले मला ओ देईना. शेरडं सोड म्हनून दोनदा हाक मारती अन् शेवटी मीच जाऊन सोडती."

 साखराबाई अजून दारातच होत्या, तेवढ्यात तालुक्याहून फोन आला. विस्तार अधिकारी भगवानराव साहेब उद्या शाळेवर येत आहेत. अहवालातलं पहिल्या हाकेचं त्यांना फार आवडलंय, स्वतः डोळ्यांनी बघायचं म्हणतात.

सर खुर्चीत बसले ते उठेचनात. सहा वर्षं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काढल्यावर मागच्या जूनमध्ये त्यांना ही घराजवळची शाळा मिळाली होती. वडिलांना अर्धांगवायू झालेला. सकाळ-संध्याकाळ त्यांना उठवून बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. खोट्या अहवालाची नोटीस निघाली, की पुन्हा तेच दुसरं टोक. मग म्हाताऱ्याला कोण उठवणार?

मंगळवारी सकाळी सरांनी पोरांपुढं हात जोडायचेच बाकी ठेवले. भूत-बित काही नसतं, हे विज्ञानाच्या पुस्तकासकट समजावलं. पोरांनी माना डोलावल्या. मग सरांनी नाव पुकारलं आणि पुन्हा चिडीचूप. शेवटी ते म्हणाले, बरं बाबांनो, तोंडानं नको, नुसता हात वर करा. पोरांनी आपसात कुजबुजून विचार केला आणि धनश्रीनं निकाल दिला.

"हात बी ओच असती सर."

अकराला जीप आली. भगवानराव साहेब उतरले, ड्रायव्हर नबी जीपमध्येच थांबला. साहेबांनी चहा नको म्हटलं, पाणीही नको म्हटलं, आणि थेट वर्गात जाऊन हजेरीपट मागितला. सरांनी तो दोन्ही हातांनी पुढं केला.

"धनश्री," साहेब म्हणाले.

 साहेबांनी चष्म्यावरून वर्गाकडं पाहिलं, मग सरांकडं. सरांना तिथंच जिल्ह्याचं दुसरं टोक दिसायला लागलं.

"धनश्री," साहेबांचा आवाज चढला. पोरगी गप्प.

"अगं धनश्री!"

"हजर साहेब," धनश्री खणखणीत म्हणाली.

साहेबांनी विचारलं, दोनदा बहिरी झालीस का. ती उभी राहिली.

"न्हाई साहेब. ती बाई दोनदाच हाक मारू शकती. तिसऱ्यांदा मारनारं मानूसच असतंय. सर दोनदा पुकारून पुढं जातेत, म्हनून आमी गप."

 दोन दिवस सरांची एक हाक कमी पडत होती. साहेबांनी अहवाल काढला, तिच्यापुढं धरला आणि विचारलं, चित्रपटात चांगलं काय होतं?

"पानी लई खरं वाटतंय साहेब. अन् आवाज बंद होतो ना, तवाच जास्त भ्या वाटतं."

"आणि उणीव?"

"हायेत की. मधी गानं उगंच घातलंय. त्या बाईचे डोळे कशानं गेले ते शेवटपर्यंत सांगितलंच न्हाई. अन् त्यातली पोरगी एवढी भेती, पर आईला सांगतच न्हाई. आईला सांगायला नको व्हय?"

साहेबांनी त्या 'निरंक'वर बोट ठेवलं. मग त्यांनी सरांना विचारलं, "तुम्ही पाहिला का?"

सरांनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, खरंच निघालं. "न्हाई साहेब. अहवाल शुक्रवारी लिहिला. चित्रपट शनिवारी लागला."

"बावीस वर्षं अहवाल वाचतोय मी," साहेब म्हणाले. "उणीव अशी आजवर कुणालाच सापडली नाही." त्यांनी 'निरंक' खोडलं, धनश्रीच्या तिन्ही उणिवा तिच्याच शब्दांत लिहिल्या आणि खाली सही ठोकली. मग म्हणाले, "लावा टीव्ही. तुम्ही पण बसा इथं."

दीड तास दोघं पोरांच्या मागं सतरंजीवर बसले. गाण्याच्या वेळी साहेब म्हणाले, खरंच उगंच घातलंय. त्यानंतर ते सतरंजीवर सरांच्या बाजूला सरकत गेले. सरांनी दोनदा डोळे मिटले, पण मिटल्यावर जास्तच भीती वाटली.

चित्रपट संपल्यावर सर साहेबांना सोडायला फाटकापर्यंत आले. वाटेत वडिलांच्या आजारपणाचं सांगून झालं; नोटिशीचं विचारायचं होतं, पण धीर होईना. साहेबच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वडिलांना जपा. पुढच्या वेळी आधी बघा, मग लिहा." सरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चिंचेमागं लावलेल्या जीपमधून नबीनं हाक मारली, "साहेब!"

साहेब जागचे हलले नाहीत.

"भगवानराव साहेब, चलायचं ना?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी साहेबांकडं पाहिलं. भर दुपारी दोघंही तोंड मिटून उभे राहिले.

"ओ साहेब, उशीर व्हायलाय."

"आलो रे," साहेब म्हणाले आणि झपाझपा जीपकडं निघाले.