साडेतीनशे किलोमीटरचं उरलेलं कापड

टेलरमास्तर जगावर संशय घ्यायचे, आणि त्याला कारण होतं. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड त्यांनी तीस वर्षांत एकदाही परत केलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसलं.

त्यांचा जावई ट्रक चालवायचा, लांबच्या एका शहरापर्यंत. एकदा जेवताना सहज म्हणाला, "जायलाच साडेनऊशे किलोमीटर पडतात, बाबा." झालं! मास्तरांनी दुकानात जाऊन भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. इंचाला शंभर किलोमीटर. भरले सहा इंच. पुन्हा लावली. सहाच! एका गिऱ्हाइकानं फोनवर बघून सांगितलं, "विमानानं सहाशेच आहे हो, मास्तर." त्यातलं 'विमानानं' तेवढं मास्तरांनी कातरून टाकलं आणि तडक घरी आले.

"सहाशेचा रस्ता नि साडेनऊशेची फेरी! मधलं साडेतीनशे कापड गेलं कुठं?"

"उरलेलं कापड कुठं जातं ते मला काय विचारता?" बायको भाजी चिरता चिरता म्हणाली.

"मग ऐक. वाटेत दुसरा संसार शिवलाय त्यानं!"

लेक माहेरी आलेली, दाराआडच उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. "बाबा खरं काय ते बघून येईपर्यंत मी सासरी पाऊल टाकणार नाही," म्हणाली आणि बॅग पलंगाखाली सरकवली. आता आली का पंचाईत! मास्तरांना जाणं भाग पडलं.

"तुमचा रस्ता बघावा म्हणतो, जावईबापू," असं गोड बोलून ते ट्रकमध्ये चढले. डोळ्याला डोळा म्हणून लावला नाही. एका वळणावर एक बाई हात करत पुढं आली. मास्तर ताठ बसले. (सापडली!)

"आज सोबत कोण?" बाईनं हसून विचारलं.

"सासरे."

"बरं. मागचं डावं चाक बसलंय." तिनं पंक्चर काढलं, हात पुसले आणि गेली.

पुढं घाट लागला. वर चढायचं, तेवढंच खाली उतरायचं. नदी समोर, पण पूल कुठल्या कुठं! मास्तरांच्या पोटातलं सगळं तिसऱ्या वळणालाच बाहेर आलं. शहर आलं तेव्हा मीटरवर साडेनऊशे पुरे झाले होते, आणि ट्रक रस्ता सोडून कुठं म्हणून वळला नव्हता.

"पण टेप सहाशे सांगते!" मास्तर कसेबसे म्हणाले.

जावयाला सगळा उलगडा झाला. पण गडी शांत. "बाबा, कंबरेचं माप घेताना टेप पोटाभोवती फिरवता, की पोटातून आरपार काढता?"

परतीच्या वाटेवर मास्तर बोटांवर वळणं मोजत घरी आले.

लेकीनं नवऱ्याकडून हकिकत ऐकली, पलंगाखालची बॅग ओढली आणि बापाकडे न बघता नवऱ्याबरोबर निघून गेली. मग बायकोनं मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

"दुकान समोर. मोजून वीस पावलं. रोज घरी यायला पाऊण तास लागतो. मधलं कापड कुठं जातं?"

मास्तरांनी घाईघाईनं मिशी पुसली. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि बेकरी मागच्या गल्लीत होती.

"अगं, रस्ता वळणावळणाचा आहे."

"वळणं दिसतात हो," ती म्हणाली आणि टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवली.

टेप पुरली नाही.