प्रयागबाईकडे निघालेली नाव

अंगणात नाव आली तेव्हा भागिरथा उन्हात कुरड्या घालत होती. मालेगावच्या बाजूला अंगणात ट्रॅक्टर येतो, थ्रेशर येतो. नाव कुणाच्या अंगणात आलेली ऐकिवात नव्हती.

"हे काय धूड आनलं?"

"नाव हाय. मासेमारीवाल्याह्यची, भंगारात काढली होती," तिचा नवरा इंद्रभान म्हणाला. "आखाजीले प्रयागले आनाले जातो."

"काहून, मोटरसायकल मेली का?"

"रस्त्यानं मी जात नाई. शब्द म्हंजे शब्द."

आता हा शब्द कोणता, ते सांगायलाच हवं. प्रयागबाई ही इंद्रभानची धाकटी बहीण, धरणापलीकडच्या गावात दिलेली. तिच्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न होतं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि मामाची गाडी नेमकी वाटेत पंक्चर. मुहूर्त टळू नये म्हणून दुसऱ्याच कुणीतरी नवरी आणली. इंद्रभान घामाघूम होऊन पोचला तो अक्षता पडल्यावर. भर मांडवात ओरडला, "तुह्या गावच्या रस्त्याले पुन्हा माहा पाय लागला तं बापाचं नाव सांगनार नाई!" प्रयागबाईही त्याच बापाची. म्हणाली, "नको लावू!"

त्याला वर्षं लोटली. यंदा प्रयागबाईने अंथरूण धरलं. दवाखान्यातून घरी न्या म्हणाले. संस्कृती आईच्या उशाशी येऊन राहिली होती, तिने फोन केला. "मामा, आई म्हनते आखाजीले माहेरी जाचं हाय. दुसरं कायी म्हनतच नाई." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा माहेरी जायचा सण.

इंद्रभान गोठ्यात जाऊन खूप रडला. मग डोळे पुसून विचाराला बसला. हट्टी माणसाचं डोकं अशा वेळी भारी चालतं. पाय लावायचा नाही तो रस्त्याला. पाण्याचं तर आपण काही बोललो नव्हतो! बहिणीसाठी जांभळं लुगडं आणलं, आणि त्याच फेरीत नाव.

नावेला भोक होतं, ते डांबराने बुजवलं. तिच्या ट्रॉलीचं एक चाक जीपचं आणि दुसरं बैलगाडीचं, त्यामुळे नाव कायम एका कुशीवर. चाक बदलायला ट्रॅक्टरमागे नेताना चढावर ट्रॉलीची पिन निसटली, आणि नाव उलटी धावत जाऊन गुलाबसिंगच्या दुकानाचं छप्पर घेऊनच थांबली. गुलाबसिंग विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचा; नावेची बंद मोटरही त्याच्याकडेच द्यायची होती. गिऱ्हाईक असं मागच्या पायांनी दुकानात शिरलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

"काका, पयले माहं छप्पर, मंग तुमची मोटर," तो म्हणाला. छपरात आठवडा गेला.

"मामा, निंगाले का?" संस्कृतीचा फोन.

"चाक बसलं की निंगालोच!"

चाक बसलं. मग गुलाबसिंगने नावेची मोटर ढोरांच्या हौदात बुडवून चालू केली. हौदातलं सगळं पाणी उडालं ते थेट भागिरथाच्या कुरड्यांवर. प्रयागबाईला आवडतात म्हणून घातलेल्या कुरड्यांचा चीक झाला. भागिरथा कुरड्यांसाठी रडली नाही. "नाव-नाव काय करता?" ती म्हणाली. "तिकडं जीव जाऊन राह्यला बाईचा. जा ना रस्त्यानं! कोन पाहून राह्यलं तुमचे पाय?"

इंद्रभान मोटर उघडून बसला. मोटरीचा प्लग जळाला होता.

"मामा?" या वेळी संस्कृतीने पुढचं विचारलंच नाही.

"प्लग आला की निंगालोच, बाई."

प्लग आला तो आखाजीच्या आदल्या दिवशी. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, नाव धरणाच्या पाण्यात लोटली आणि लुगडं पिशवीत बांधून इंद्रभान नावेत बसला. मागे गुलाबसिंग. मोटर खरोखर चालू झाली! काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. इंद्रभानने हात हलवला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

मध्यावर मोटर घरघरली आणि बंद पडली. गुलाबसिंगने वाकून पाहिलं आणि सरळ पाण्यात उतरला.

"काका, हे पानी तं गुडघ्याइतकं बी नाई! तुमी नाव सुधरवता-सुधरवता धरन आटलं. आन् खाली पक्कं लागून राह्यलं. जुना रस्ता दिसते."

जुनाच रस्ता होता. धरण होण्याआधी दोन्ही गावांना जोडणारा. याच रस्त्याने इंद्रभानने प्रयागला सासरी पोचवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"निंगालो, बाई! आर्ध्यात आलो!" इंद्रभान ओरडला.

"मामा," संस्कृती म्हणाली, "आता घाई नका करू."

इंद्रभानने फोन खिशात ठेवला. पिशवी छातीशी धरली आणि खाली उतरला. पाय रस्त्याला लागला. लागला तर लागला. तो चालतच गेला.

दारात बाया बसल्या होत्या. "माहेरचं लुगडं आलं का?" कुणीतरी विचारलं. त्याने पिशवी पुढे केली. आखाजीला नेसवायचं म्हणून आणलेलं जांभळं लुगडं बायांनी प्रयागबाईच्या अंगावर घातलं.

संस्कृती तांब्या घेऊन आली. भाऊ आला की प्रयागबाई आधी त्याच्या पायांवर पाणी घालायची.

"आईले म्या नावेचं सांगतलं होतं, मामा," ती म्हणाली. "छप्पर, कुरड्या, सगळं. आई लय हसली. म्हने, पाहाजो तू, मोटर बंद पडीन. आन् भाऊ चालत येईन."

तिने तांब्या कलता केला. इंद्रभानने पाय मागे घेतले.

"राहू दे, बाई," तो म्हणाला. "तिले पाहू दे."

आणि चिखलाचे पाय घेऊन तो बहिणीजवळ जाऊन बसला.