ब्रेकमधली हवा

आमच्या घरमालकांचे धाकटे चिरंजीव बापूराव यांच्याकडे मोटार होती, पण ती एका ठिकाणी नव्हती. सांगाडा आणि चाकं अंगणातल्या आंब्याखाली होती. दारं जिन्याला टेकवलेली. पुढचे दोन दिवे देवघराच्या कोनाड्यात, कारण तिथं धूळ कमी. इंजिनाचे लहानसहान भाग स्वयंपाकघरातल्या फडताळात लोणच्याच्या बरण्यांशेजारी राहत. मागची सीट ओसरीवर होती आणि तिच्यावर पाहुण्यांना बसवीत. नौपाड्यातल्या त्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा पहिला चहा मी तिच्यावर बसूनच घेतला.

"कशी काय वाटते गाडी, मास्तर?" बापूरावांनी विचारलं.

"बसायला छान आहे."

"तयारच आहे तशी," ते म्हणाले. "फक्त चालत नाही."

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की शाळेत काही विद्यार्थ्यांच्या प्रगतीबद्दल मी तेच वापरू लागलो.

मोटार त्यांनी लढाईच्या अखेरीला कल्याणच्या एका डॉक्टरांकडून आणली होती. पेट्रोल मिळेना म्हणून डॉक्टरांनी ती गोठ्यात ठेवली होती आणि म्हशीची तिच्याबद्दल तक्रार होती. बैल जोडून, भिवंडीच्या रस्त्यानं ती ठाण्याला आली. साऱ्या वाटेत बापूराव सुकाणूचं चक्र धरून बसले होते आणि वळणावळणावर भोंगा वाजवत होते. जकात नाक्यावरच्या कारकुनाला हिची नोंद मोटार म्हणून करावी की बैलगाडी म्हणून, ते कळेना. शेवटी त्यानं 'जुनं लोखंड' असं लिहिलं. बापूराव स्वतः कारकून असल्यामुळे लिहिलेल्या शब्दाची किंमत जाणत. त्या नाक्यावरून ते पुन्हा कधी गेले नाहीत.

कचेरीतून आले की सदरा खुंटीला अडकवून ते मोटारीखाली जात. बाहेर राहिलेल्या पायांवरून माणूस ओळखायची मला तिथंच सवय झाली. पण त्यांचं खरं काम रविवारी दुपारी, जेवणं होऊन घर आडवं झाल्यावर चाले. ते काम म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं.

या मोटारीचे ब्रेक तेलावर चालत. तेलाच्या नळीत हवा शिरली तर पाय नुसता दबतो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकापाशी एक स्क्रू ढिला करून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची, आणि स्क्रू पुन्हा आवळल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर गेलेली हवा माघारी येते. इंजिन फडताळात असताना ब्रेक इतके शुद्ध कशाला हवेत, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, चालणं काय, कुणीही चालतो," चाकामागून उत्तर आलं. "थांबता आलं पाहिजे."

दाबायला त्यांनी घरातले सगळे पाय वापरून पाहिले होते. थोरल्या भावाचा पाय तंबाखू मळताना उठे. मीही एक रविवार बसलो. "तुमचा पाय चांगला आहे," बापूराव सौम्यपणे म्हणाले, "पण तुम्ही विचार करता." शेवटी पास झाला तो त्यांच्या पत्नीचा पाय. वहिनी नऊवारी सावरून चक्रामागं बसत, समोर आंब्याच्या खोडाकडं बघत.

"दाब," खालून आवाज येई.

"दाबलं."

मग बराच वेळ काही नाही.

"सोड."

"सोडलं."

हे माझ्या खिडकीखाली वर्षानुवर्षं चाललं होतं. मी वाचनालयातून मोटारीवरचं एक पुस्तक आणलं. त्यात हे काम अर्ध्या तासाचं आहे असं छापलं होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसतो, असं म्हणून मी ते परत केलं.

या मोटारीला घरात एकच शत्रू होता. बापूरावांचे वडील, अप्पा. अप्पा मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीला हे ठाऊक होतं, अप्पांना नव्हतं. ते ओसरीवर आरामखुर्चीत बसून घरावर हुकूम काढीत. तीन खोल्या, अकरा माणसं. पुरुष ओसरीवर झोपत, बायका आत. बापूरावांना चहा हवा असला की ते आईला सांगत, आई वहिनींना सांगे, आणि झाल्याची वर्दी त्याच वाटेनं परत येई. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि वडीलधारे नाहीत अशी जागा नव्हती.

एका दसऱ्याला अप्पांचा धीर सुटला. त्यांचं एरंडेल बाटलीतून रोज थोडं थोडं कमी होत होतं आणि ते ब्रेकच्या तेलात जातं, हे त्यांना त्याच सकाळी कळलं होतं. शिवाय धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि मांडवाला अंगण हवं होतं.

"पुढच्या दसऱ्याला हे धूड फाटकातून बाहेर जाईल," अप्पांनी जाहीर केलं. "स्वतःच्या पायानं गेलं तर ठीक. नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीवरून."

बापूराव पाना घेऊन मोटारीखाली गेले. दुसऱ्या दिवसापासून फडताळ रिकामं होऊ लागलं. जिन्यातली दारं गेली, देवघर अंधारलं, आणि पाहुणे सतरंजीवर आले.

पुढच्या दसऱ्याला मोटारीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली नारळ फोडला. बापूरावांनी हँडल मारलं. गाडीनं अंगणभर काळा धूर सोडला, ती दोनदा खोकली आणि चालू झाली. आळीतली माणसं टाळ्या वाजवू लागली. अप्पा आत गेले आणि पगडी, उपरणं घालून बाहेर आले.

"बापू, पुढं मी बसतो," ते म्हणाले. "चार माणसं ओळखीची दिसतात."

मागं आई, थोरले भाऊ, त्यांची बायको, मुलं आणि लग्नाची मुलगी बसली. वहिनी आरतीचं तबक घेऊन पायरीवर उभ्या होत्या. बापूरावांनी मागं वळून पाहिलं. सीटवर सुपारी ठेवायला जागा नव्हती.

"मी येईन मागाहून," वहिनी सासूबाईंना म्हणाल्या.

गाडी मासुंदा तलावाला फेरी घालून कौपिनेश्वराच्या देवळासमोर अप्पांनी सांगितलं तिथं, तसूभर इकडं-तिकडं न होता, थांबली. ब्रेक उत्तमच होते. अप्पांनी जमलेल्या लोकांना हात केला. "आमची मोटार," ते म्हणाले. धूड हा शब्द त्या घरातून कायमचा गेला.

त्यानंतर मोटार रोज निघू लागली. अप्पांना फिरायला, आत्याबाईंना आंबिवलीला, रविवारी दुपारी ज्या नातेवाइकाला पहिल्यांदा आठवण होईल त्याला. वहिनींची पाळी येईना. गाडीत त्यांच्याहून मोठं कुणीतरी असेच, आणि नसलं तर चूल असे. बापूराव चालवत छान, पण एखादी वस्तू कुठंतरी विसरलेल्या माणसासारखे दिसत. एकदा मी म्हटलं, "बापूराव, जिंकलात." ते म्हणाले, "हो ना. आता चालते."

मग तो रविवार आला. होणाऱ्या व्याह्यांना आणायला कल्याणला जायचं म्हणून अप्पा भरपेट जेवणानंतर पगडी घालून अंगणात उभे. बापूराव मोटारीखाली.

"अरे, निघायचं ना?"

"गाडी निघणार नाही, अप्पा. ब्रेकमध्ये हवा शिरलीय."

"काल तर ठीक होती!"

"हवाच ती. काल नव्हती, आज आली."

"मग किती वेळ?"

"घाई करून कसं चालेल? ब्रेकचा प्रश्न आहे. व्याही बसायचेत."

अप्पांनी व्याह्यांचा आणि स्वतःचा विचार केला. पगडी काढून ते ओसरीवर जाऊन आडवे झाले. ते घोरू लागेपर्यंतसुद्धा बापूराव थांबले नाहीत. स्वयंपाकघराच्या दिशेनं, आईला मध्ये न घालता, त्यांनी हाक मारली.

"अगं, येतेस का जरा?"

वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या आणि चक्रामागं बसल्या.

"दाब."

"दाबलं."

मी खिडकीत होतो. खाली वाकून पाहिलं तर बापूरावांचा पाना चाकापाशी पडलेला होता आणि ते स्वतः हात डोक्याखाली घेऊन मोटारीशेजारी उताणे पडले होते.

"आज भाजी खारट झाली होती का हो?"

"मला नाही वाटली."

"वन्संना वाटली."

"तिला काय, सासरी गेली की आठवेल."

वहिनी हसल्या. इतकी वर्षं त्या घरात राहून मी ते हसणं प्रथमच ऐकत होतो.

"तुम्ही बारीक झालात," त्या म्हणाल्या. "रोज गाडी घेऊन हिंडता."

"आता नाही हिंडणार फार. हिचे ब्रेक नाजूक आहेत."

मी खिडकी आवाज न करता लावून घेतली. चार वाजता चहाला खाली उतरलो, तेव्हा अप्पा उठले होते आणि वहिनींचा पाय अजून ब्रेकवर होता.