चारशे साडेचौतीस कोथिंबीर वड्या

नव्या स्कॅनरमध्ये जुन्याचं सगळं भरायला आपल्याला अर्धा तास लागेल, तोही चहा धरून, असं हेमचंद्र मुलमुल्यांनी गुरुवारी सकाळी जाहीर केलं. ऐकायला घरात अनसूयाबाई एकट्याच होत्या आणि त्यांचं लक्ष फोडणीकडे होतं. तरी जाहीर केलं.

हेमचंद्र वीज खात्यातून निवृत्त झाले होते. वायरलेसची हौस तरुणपणापासूनची. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला, आणि जबलपुरातल्या अशा दहा-बारा हौशी मंडळींत ते सगळ्यांत जुने. त्यांचा स्कॅनर त्यांच्याहून थोडाच तरुण असावा. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ. आपण भरून ठेवलेली चॅनेलं तो एकेक करून चाळत जातो आणि आवाज सापडला की थांबतो. अठरा वर्षांत हेमचंद्रांनी त्यात अडतीस चॅनेलं भरली होती. कुठलं कुणाचं, त्यावर काय खुणा करायच्या, सगळं मनाजोगतं. पण आता त्याचा पडदा इतका पुसट झाला होता, की आकडे वाचायला बॅटरी धरावी लागे. आणि रविवारी तर नर्मदेच्या ग्वारीघाटावर कार्तिकाचा मेळा. मेळ्यात हरवलेल्या माणसांचे निरोप ही मंडळी वायरलेसवरून इकडून तिकडे पोचवत. घरी बसून सगळं ऐकायचं आणि वहीत टिपायचं, हे काम दरवर्षी हेमचंद्रांचं. म्हणून नवा स्कॅनर आला.

जुना स्कॅनर वायरीने कॉम्प्युटरला जोडला तेव्हा अकरा वाजले होते. जुन्याची यादी पडद्यावर उमटली: क्रमांक, नाव, फ्रिक्वेन्सी, एएम की एफएम, आणि शेवटी खुणा. नव्या स्कॅनरसाठी हीच यादी एका कोऱ्या तक्त्यात उतरवून द्यायची होती. हेमचंद्रांनी तक्ता उघडला. त्यात नावं आधीच होती, ती इंग्रजी अक्षरांत. ती काही त्यांच्या ओळखीची वाटेनात. पण नवीन यंत्र आहे, उदाहरणादाखल काहीबाही भरून देत असतील, असा त्यांनी समज करून घेतला आणि तिसऱ्या रकान्यापासून पुढे आपला सगळा मजकूर चिकटवून दिला. जुनं पुसून नवं ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, तेव्हा जरा चिडून हो म्हटलं.

तो तक्ता अनसूयाबाईंचा होता.

अनसूयाबाई मराठी महिला मंडळाच्या सचिव. त्याआधी तीस वर्षं मुख्याध्यापिका, त्यामुळे मंडळात त्यांच्या कागदाला कुणी प्रश्न विचारत नसे. रविवारी मंडळाचं आवळीभोजन होतं, पाटन रस्त्यावरच्या एका बागेत. महाराजपुरात मुलमुल्यांच्या घरी जमायचं आणि तिथून दुपारी बसने निघायचं. कुणी कोणता पदार्थ आणायचा ते बैठकीत ठरलंच होतं. अडतीस बायकांची यादी अनसूयाबाईंनी केली होती, तिला रकाने पाच: क्रमांक, नाव, किती, वेळ, शेरा. तीनदा तपासलेली यादी पुन्हा उघडून काय बघायची? शुक्रवारी त्यांनी ती तशीच मंडळाच्या ग्रुपवर पाठवून दिली.

हेमचंद्रांनीही तीच यादी नव्या स्कॅनरमध्ये भरली होती. त्याने तक्रार केली नाही. आवाज स्वच्छ येत होता. पडद्यावर नावाच्या जागी काय येतंय ते ते रविवारी बघणार होते.

शनिवारी प्रणोतीचा फोन आला. मंडळातली सगळ्यांत नवी सून, तिच्याकडे कोथिंबीर वड्या होत्या. तिने चाचरत विचारलं, की काकू, आकडा जरा जास्त नाही होऊन राहिला का? अनसूयाबाईंनी तिच्यापुढे चाळीस लिहिले होते. चाळीसला जास्त म्हणणाऱ्या सुनांविषयी त्यांची मतं ठाम होती. लिहिलंय तेवढंच आण, एकही कमी नको, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. पलीकडे प्रणोतीने ग्रुपवरून छापून घेतलेल्या कागदावर पुन्हा पाहिलं. ४३४.५००.

रविवारी सकाळी आठ वाजता अनसूयाबाई बसवाल्याकडे गेल्या. हेमचंद्र व्हरांड्यात वही, चहा, नवा स्कॅनर आणि बोलायचा हातातला सेट घेऊन बसले. स्कॅनर चाळत गेला आणि थांबला. घाटावरून कुणीतरी सांगत होतं, की गोटेगावचे एक म्हातारबाबा हरवलेत, डोक्याला पिवळा फेटा, कानाने कमी. हेमचंद्रांनी लिहून घेतलं आणि चॅनेलचं नाव टिपायला पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर होतं: रुचिरा.

त्यांनी चष्मा पुसला. रुचिराच होतं. घाटावर रुचिरा नावाचं कुणी नव्हतं. सगळे बाप्ये होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात झाकलेलं पातेलं घेऊन एक बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार काका, मी रुचिरा. कढी आणली आहे."

हेमचंद्रांनी बाईंकडे पाहिलं, मग यंत्राकडे. नवं यंत्र एवढं पुढे गेलं असेल? मनाची समजूत घालत त्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. आता पडद्यावर 'अमिता' उमटलं आणि घाटावरच्या वायरलेसवाल्या मुरलीधरचा आवाज आला. हेमचंद्रांनी फाटकाकडे पाहिलं. दोन मिनिटांत अमिताबाई आल्या, मसालेभाताचा कुकर घेऊन. त्यानंतर हेमचंद्र पडद्याकडे आणि फाटकाकडे आळीपाळीने बघू लागले. दर वेळी जमत नव्हतं, पण सातांतल्या चार बायका यंत्राने आधी सांगितल्या. बस दुपारची असताना या सकाळी कशा आल्या, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. सुचलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या की यादीत आमच्यापुढे एएम आहे. बाकीच्यांपुढे एफएम होतं, ते पीएमचं चुकून झालं असणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

हातातल्या सेटवर मुरलीधरने विचारलं, "मुलमुले जी, वो बुजुर्ग वाला मेसेज मिला क्या? कौनसे चॅनेल पे सुना?"

हेमचंद्रांनी वहीत जे होतं तेच वाचलं. "रुचिरा पे सुना. अब अमिता पे हूँ."

ग्वारीघाटावरच्या दहाही सेटांवर ते स्पष्ट ऐकू गेलं. मग मुरलीधरने अगदी हळू आवाजात विचारलं, की भाभीजी घर पे हैं क्या. रुचिराने पातेल्यावरचं झाकण पुन्हा नीट बसवलं आणि खुर्ची थोडी लांब ओढली.

भाभीजी तेवढ्यात आल्याच. त्यांच्यामागून रिक्षा आली आणि रिक्षातून प्रणोती उतरली. डोळे लाल, हाताला हळद, मागे चार मोठे डबे. तिने डबे मांडले आणि वरून चांदीच्या कागदात गुंडाळलेला छोटासा तुकडा ठेवला.

"हे काय?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"अर्धी वडी," प्रणोती म्हणाली. "चारशे चौतीस पूर्ण आहेत, काकू. मोजून घ्या."

अनसूयाबाईंनी तिच्या हातातला कागद घेतला. वाचला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तीस वर्षांचं मुख्याध्यापिकापण होतं. हेमचंद्रांनी कागद पाहिला आणि त्यांना एकदम आनंद झाला, कारण त्यांची सगळी चॅनेलं तिथे व्यवस्थित, क्रमाने होती. आनंद तोंडावर दिसायच्या आत त्यांना उरलेलं समजलं.

व्हरांड्यात हळूहळू उलगडा झाला. बाकीच्या जुन्या, त्यांनी आकडा मनावर न घेता दरवर्षीएवढंच केलं होतं. कुणी हसलं, कुणी प्रणोतीला पाणी दिलं. पण अनसूयाबाई यादीवरून बोट फिरवत एका नावापाशी थांबल्या. मनीषाताई. त्यांच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: लॉकआउट.

मनीषाताई मंडळाच्या पहिल्या दिवसापासूनच्या. वीस वर्षं दोघींनी मिळून मंडळ चालवलं होतं. गेल्या महिन्यात हॉलच्या पडद्यांच्या रंगावरून त्यांची जोराची वादावादी झाली होती, आणि परवापासून मनीषाताईंनी ग्रुपवर एक शब्द टाकला नव्हता. अनसूयाबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, तिला वाटलं असेल मी काढून टाकलं तिला. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि तो तसा हेमचंद्रांनी फार क्वचित ऐकला होता.

"मी केलंय, मीच निस्तरतो," ते म्हणाले आणि वही रुचिराकडे सोपवून स्कूटर काढली.

मनीषाताई गोहलपुरात राहत. दार उघडून त्या बाजूला झाल्या, या म्हणाल्या नाहीत. मागे टेबलावर पुऱ्यांचा भलामोठा डबा दिसत होता. केल्या होत्या तर.

हेमचंद्रांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पुसट पडदा, वायर, दोन तक्ते, गोटेगावचे म्हातारबाबा, अर्धी वडी. वडीपाशी मनीषाताईंच्या ओठांचा कोपरा हलला. अनसूया पायरीवर बसलीय आणि तुमच्याशिवाय बस हलू देणार नाही, असं सांगितल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला, हेमचंद्रांना बसवलं, पाणी दिलं. डबा पिशवीत भरला. चप्पल घालता घालता सहज विचारलं, "पण भाऊजी, अडतीस जणींत तो लॉकआउट माझ्याच पुढे काहून?"

हेमचंद्र मोकळे झाले होते. आपल्या विषयातला प्रश्न आणि तोही एका बाईने विचारलेला, हा योग त्यांच्या आयुष्यात फार वेळा आला नव्हता. ते मनापासून सांगू लागले. "त्यात विशेष काही नाही. एखाद्या चॅनेलवर अखंड बडबड चालू असते, क्षणभरसुद्धा थांबत नाही. मग स्कॅनर तिथेच अडकून बसतो, दुसऱ्या कोणाचं ऐकूच येत नाही. असं चॅनेल असलं, की त्याला आपण लॉकआउट करतो. डोकं शांत राहतं."

मनीषाताईंनी घातलेली चप्पल तशीच पायात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमचं नव्हे," हेमचंद्र म्हणाले. "चॅनेलचं."

त्या आल्या. स्कूटरवर मागे बसून, पिशवी मधे ठेवून आल्या, आणि गोहलपूर ते महाराजपूर एक शब्द बोलल्या नाहीत. हेमचंद्रांना वाटलं, मिटलं. गोटेगावचे म्हातारबाबाही एव्हाना जिलबीच्या दुकानात सापडले होते. रुचिराने ते वहीत सुवाच्य अक्षरात टिपलं होतं आणि मुरलीधरने तिला दोनदा शाबासकी दिली होती.

बस साडेबाराला सुटली. मनीषाताई पुढच्या सीटवर अनसूयाबाईंच्या शेजारी बसल्या आणि आधारतालच्या चौकात त्यांनी तोंड उघडलं. पाटन रस्त्यावरची बाग येईपर्यंत त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. विषय एकच होता, हेमचंद्र. शिक्षा म्हणून, मेळ्याचं ऐकणं सोडून, ते शेवटच्या सीटवर वड्यांचे चार डबे सांभाळत बसले होते, तिथवर प्रत्येक शब्द स्वच्छ पोचत होता. आणि दर वाक्याला त्याहून स्वच्छ आवाजात अनसूयाबाई म्हणत होत्या, "अगदी बरोबर बोललीस, मनीषा."