एकाच जिन्याच्या सहा चोऱ्या

नव्या जिन्याच्या नकाशाची फाईल चोरीला गेली असती, तर भिंगरावांचा फायदाच फायदा होता. एक म्हणजे, जिने बनवणाऱ्या त्या कारखान्यात नऊ वर्षं खिळे मोजण्यात झिजलेल्या बुद्धीला अखेर काम मिळालं असतं. दुसरं म्हणजे, मालकांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मेहुण्यांनी, ‘गोदाम कारकून’ ही पाटी काढून ‘तपास अधिकारी’ अशी लावली असती.

फाईल सापडण्यात फायदा एकट्या नकाशेवाल्या बाईंचा. नकाशा पाचच्या आत गिऱ्हाइकाकडे पोचला तर नोकरी कायम. नाही तर गिऱ्हाईक समोरच्या कारखान्यात आणि बाई घरी. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“घाबरू नका,” भिंगराव म्हणाले. “माझ्यासमोर कुलूपसुद्धा खरं बोलतं.”

मेल पाठवायला ऑफिसात एकच मशीन, तेही बिनमाउसचं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा: अमकी फाईल जोड, तमक्याला पाठव. आता बाईंचं आणि सुतारकाकांचं वर्षभर बोलणं बंद. काकांनी मागे एक कठडा न विचारता चार बोटं कापला होता. तेव्हापासून काय सांगायचं ते बाई फाईलच्या नावातच लिहीत, आणि काका नाव बदलून उत्तर देत. असल्या नावाची फाईल मेलने पाठवायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. तिचं नाव होतं, ‘जिना नवा काका कठडा कापू नका’.

बाईंनी हुकूम दिला. मशीनने ओळीने सांगितलं: ‘जिना’ नावाची फाईल नाही. ‘नवा’ नावाची फाईल नाही. ‘काका’ नावाची फाईल नाही. असं करत थेट ‘नका’पर्यंत.

“सहा!” भिंगरावांनी भिंग काढलं. “हे एकट्याचं काम नाही. टोळी आहे.”

“अहो, फाईल एकच होती.”

“तुम्हाला एकच दाखवली गेली.”

ते तडक बाहेर धावले आणि पाच मिनिटांनी धापा टाकत परतले. “जिना जागेवर आहे, नवाही आहे. चढून बघितला, उतरूनही बघितला.”

मग रंधा मारणाऱ्या सुतारकाकांकडे वळले. “काका, तुम्ही बेपत्ता आहात.”

“बरं,” काकांचा रंधा थांबला नाही. “सापडलो की कळवा.”

“राहिलं काय? कठडा, कापू, नका. ही उघड धमकी आहे! कोणी लिहिली?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“कबुली!” भिंगरावांनी झडप घालून कीबोर्ड धरला. “हा पुरावा म्हणून जप्त!”

“सोडा! पावणेपाच झाले!” बाईंनी दुसरं टोक धरलं. या ओढाताणीत मशीनने पुन्हा सहाच्या सहा फायली नसल्याचं जाहीर केलं.

कटकट ऐकून काका भुसा झटकत आले. पडद्याकडे बघितलं, मग हवेकडे तोंड करून म्हणाले, “कोणी तरी कोणाला तरी सांगा, सांध्यात फटी सोडल्या आहेत. शब्दाशब्दात मोकळी जागा आहे ना? मशीनला तो एक तुकडा वाटतच नाही. सहा सुटे तुकडे शोधत बसलंय. नाव एका शब्दाचं करा.”

“कोणी तरी विचारा,” बाई खिडकीला म्हणाल्या, “मग कठडा कापायचा नाही हे कळणार कसं?”

“तोंडाने सांगा की!” काका थेट त्यांच्यावरच ओरडले, आणि वर्षभराचा अबोला संपला.

“कापू नका!” बाईही ओरडल्या.

“नाही कापत!”

बाईंनी फाईलला ‘जिना’ एवढंच नाव दिलं. पाचला सहा मिनिटं कमी असताना मेल गेली.

हिशेब असा झाला. गिऱ्हाइकाला जिना मिळाला. बाईंची नोकरी कायम झाली. मालकांनी फर्मान काढलं की फाईलचं नाव एका शब्दाचं, बाकीचं समोरासमोर बोला. तेव्हापासून बाई आणि काका दिवसभर बोलतात, म्हणजे भांडतात, आणि रंध्याच्या आवाजात एकमेकांना ऐकू येत नाही म्हणून मध्ये एक माणूस नेमला आहे. तो टेबलापासून बाकापर्यंत दिवसाला चाळीस खेपा घालतो, दोन्हीकडच्या शिव्या जशाच्या तशा पोचवतो, आणि पगार गोदाम कारकुनाचाच घेतो.