भानुदासकाकांची सळई

आमच्या शेजारच्या भानुदासकाकांना एक कप चहा करायला चाळीस मिनिटं लागतात. त्यातली सहा चहाची. बाकीची जाळ धरण्याची.

त्यांच्या घरात काडेपेटी नाही, लायटर नाही. गॅसची शेगडी आहे, पण तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली असते. काकांकडे आहे ती बोटाएवढी एक काळी सळई आणि एक जुना चाकू. सळईवर चाकू घासला की ठिणग्यांचा फवारा उडतो. खाली पिंजलेल्या कापसाचा बोळा असतो. त्यात एखादी ठिणगी रुजली तर जाळ, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

"धारेनं न्हाई, पाठीनं," असं ते कुणालाही थांबवून शिकवतात. "धार कांद्याला, पाठ ठिणगीला."

सळई त्यांनी मोबाईलवरून मागवली. पार्सल आलं त्या दिवशी अख्ख्या नांदूरघाटात ती दाखवत फिरले. आमच्या दारात आले तेव्हा मी भाजी निवडत होते.

"आमचा आज्जा गारगोटीवर पोलाद हाणून चिलीम पेटवायचा, मॅडम. मेंढरांमागं हिंडणाऱ्याला काडेपेटी कुठली? ही त्याच घराण्यातली हाय. जरा शिकलेली."

मग शिकलेल्या सळईचं प्रात्यक्षिक झालं. मला सवय आहे म्हणून मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. दर घासण्याला काका म्हणत होते, "येतीय, येतीय." शेवटी ती आली, तेव्हा माझी मेथी निवडून, धुऊन, चिरून झाली होती.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी फ्रिजवर माझ्या याद्या लावलेल्या असतात: किराणा, दूध, गॅस बदलल्याची तारीख. काकांना त्यांची फार गंमत वाटते.

"मॅडम, मरायची तारीख लिहिली का?"

"अजून नाही. जागा ठेवलीय."

आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा समई पेटवायचा मान काकांनी स्वतःच घेतला. सातव्या-आठव्या घासणीला एक ठिणगी कापूस सोडून गुरुजींच्या उपरण्यावर गेली आणि तिथे मात्र लगेच रुजली. आमच्या यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. ओल्या उपरण्यातले गुरुजी म्हणाले, "काका, आता काडी घ्या. देव वाट बघतोय."

"देवाला काय घाई हाय?" काका म्हणाले. "घाई तुमालाच, पुढच्या पूजेची."

गंमत अशी की हा माणूस तीस वर्षं परळीला थर्मल वीजकेंद्रात बॉयलरवर होता. जाळाच्या डोंगरासमोर उभं राहून नोकरी केली. काकी होत्या तोवर घरात चहा कसा होतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. काकी गेल्या आणि वर्षाच्या आत ही सळई आली. एकदा मी म्हटलं, "काका, एवढा जाळ सांभाळलात, आता चहापुरतं तरी सोपं घ्या की."

"खटका दाबला की पेटतंय, मॅडम. मग उरलेल्या दिवसाचं काय करू?"

मी हसले. तेही हसले. मी आपली कामाला लागले.

सळईचं वेड त्यांना लावलं ते मोबाईलमधल्या एका माणसानं. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात राहणारा दाढीवाला. तो एकटाच जंगलात जातो, चाकूनं सळईवर ठिणग्या पाडतो, जाळ करतो, काहीतरी शिजवतो आणि खातो. तोंडातून अवाक्षर काढत नाही. दर शनिवारी त्याचा नवा व्हिडिओ येतो. काका त्याला "बर्फातला" म्हणतात आणि गल्लीतल्या माणसासारखी त्याची खबर देतात.

"बर्फातल्यानं नवी कढई घेतली."

"बर्फातल्याला सर्दी झालेली दिसतीय. लई नाक पुसत व्हता."

काका माळकरी. बर्फातला मांस शिजवायला लागला की ते मोबाईलकडे पाठ करून कांदा चिरतात, आणि वासावरून कळावं तसे अंदाजानं पुन्हा वळतात.

दिवाळी झाली की आमची गल्ली ओस पडते. बहुतेक घरं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. पोराबाळांसकट, शेरडांसकट. दारांना कुलपं लागतात ती गुढीपाडव्याच्या आसपास निघतात. उरतो आम्ही नोकरीवाले आणि काका. यंदा तशीच गल्ली रिकामी झाली, आणि पुढच्याच शनिवारी बर्फातला आला नाही.

दुसऱ्या शनिवारीही नाही. तिसऱ्याही. काका रोज सकाळी मला शाळेत जाताना गाठून सांगायचे, "न्हाई आला." जणू माझ्या हजेरीपटावर त्याचं नाव होतं. चौथ्या रविवारी दुपारी ते मोबाईल घेऊन घरी आले. दाढी वाढलेली.

"मॅडम, त्याला इंग्रजीत दोन ओळी लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, तब्येत बरी हाय का."

"बरं. अजून?"

"लिहा, एकट्यानं जंगलात जाऊ नका म्हणावं. पाय घसरला तर कुणाला कळायचं न्हाई." मग म्हणाले, "आन् लिहा, लाकडं ओली असतील तर कापूस पाठवतो. आमच्याकडं लई हाय."

"काका, बीडहून कापूस कसा जाणार?"

"सळई आली न्हवं? तसाच जाईल."

शब्द जरा बघून लिहिते, मोबाईल ठेवून जा, असं मी म्हटलं. ते गेले. मी त्याचा शेवटचा व्हिडिओ उघडला. खाली जगभरच्या भाषांत लोकांनी हजारोंनी लिहिलं होतं. लिहायची जागा शोधताना बोट कुठेतरी भलतीकडे लागलं आणि काकांनी स्वतः आजवर लिहिलेलं सगळं एकाखाली एक समोर आलं.

सगळं मराठीत. प्रत्येक व्हिडिओखाली.

"जेवलो. भाकरी, पिठलं. तुमचं झालं का?"

"आज वारं लई. तुमच्याकडं बी दिसतंय."

"तुमी बोलत न्हाई ते बरं वाटतं. आमची ही बी सैपाक करताना बोलत नसायची."

"आज हिला जाऊन वर्ष झालं. तुमी पेटवलं तवाच मी बी पेटवलं. भात करपला जरा."

"गल्लीतले समदे कारखान्याला गेले. आता तुमी आन् मी."

शेवटच्या तीन ओळी त्याच आठवड्यातल्या होत्या. "जेवलात का?" एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

एकाही ओळीला उत्तर नव्हतं. नुसता अंगठासुद्धा कुणी दिलेला नव्हता. मी किती ओळी आहेत ते मोजायला लागले, आणि मग थांबले.

आमच्या आणि काकांच्या घरामध्ये एक भिंत आहे, चार इंचाची. मला त्यांचा सळई घासण्याचा आवाज रोज ऐकू येतो. इतक्या दिवसांत मी त्यांना संध्याकाळी एकदाही विचारलं नव्हतं, काका, जेवलात का? आपल्याकडे रस्त्यानं जाणाऱ्यालाही विचारतात.

काकांच्या दोन ओळी मी इंग्रजीत लिहिल्या. कापसाचंही लिहिलं. मोबाईल नेऊन दिला.

संध्याकाळी परातीत पीठ घेतलं, पातेल्यात वांग्याची भाजी घेतली आणि यांना म्हटलं, चला.

"कुठं?"

"काकांकडे. आपला गॅस संपलाय."

"परवा तर बदलला."

"चला म्हटलं ना."

काका चुलीपुढे बसले होते. मोबाईल डब्याला टेकवून उभा केलेला, त्यावर बर्फातल्याचा जुना व्हिडिओ. मी गॅसचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं. माझ्या घरात गॅस असा अचानक संपत नाही हे त्यांना पक्कं माहीत. तरी त्यांनी कोपऱ्यातली पोती झटकून अंथरली, चाकू धोतराला पुसला आणि सळई काढली.

त्या दिवशी तिसऱ्या घासणीला जाळ झाला. मी भाकरी थापायला घेतली. हे काकांना थर्मलच्या गोष्टी विचारत बसले. काका एरवी भरभर बोलतात. आज एकेक शब्द जपून वापरत होते, नव्या कपड्याची घडी मोडू नये तसे.

पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती मोडली नाही. मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एका बोटानं टिपायला लागले.

"काका, गार होईल. काय लिहिताय?"

"त्याला कळवतो," मान वर न करता ते म्हणाले. "आज घरात जेवायला माणसं हायत म्हणून. तो बी एकटाच हाय, उगा माझा घोर कशाला लावून घ्यावा त्यानं?"